लेथवर आटे पाडताना हात कुठे हवा?

*वाचकांचे प्रश्न : कार्यशाळा*

लेथवर आटे पाडण्याबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. जिथे मापं दिली आहेत तिथे माल एमएसचा (माइल्ड स्टील), टूल एचएसएसचं (हाय स्पीड स्टील) आणि मशीन साधं, हाताने चालवायचं धरलं आहे.

प्रश्न : मी आयटीआयला टर्नर ट्रेड शिकतो. फेसिंग, टर्निंग जमतं. आता २० मिमी बारवर एम २० × २.५ चे (व्यास २० मिमी, पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर २.५ मिमी) ४० मिमी लांब आटे पाडायचे आहेत. पण हाफ नट (टूल धरणारं कॅरेज त्याला ओढणाऱ्या लीड स्क्रूशी जोडणारा नट) टाकला की टूल चककडे, म्हणजे बार पकडून फिरवणाऱ्या भागाकडे, धावत सुटतं आणि माझा हात थरथरतो. सुरुवात कशी करू? (विद्यार्थी, कराड)

उत्तर : टूल धावतं हे तुम्ही बरोबर पाहिलंत. साध्या टर्निंगला चकच्या एका फेऱ्यात टूल साधारण ०.२ मिमी सरकतं, या आट्याला २.५ मिमी. म्हणजे साडेबारा पट. टर्निंगच्या सवयीने हात टाकाल तर उशीरच होणार. म्हणून मोटर चालू करण्याआधीच स्वतःसाठी वेळ राखून ठेवायचा. तो दोन गोष्टींतून मिळतो : शेवटची खाच आणि कमी वेग.

आटे जिथे संपतात तिथे ७ मिमी रुंदीची खाच (अंडरकट) घ्या. तिचा व्यास १६.५ मिमी ठेवा, कारण या आट्याच्या तळाचा व्यास १६.९३ मिमी असतो आणि खाच त्याहून थोडी खोल हवी. चक ६० आरपीएमने (मिनिटाला ६० फेरे) फिरत असेल तर टूल सेकंदाला २.५ मिमी सरकतं आणि ही खाच ओलांडायला त्याला २.८ सेकंद लागतात. तेवढ्यात टूल सावकाश बाहेर काढता येतं. तोच चक २०० आरपीएमला असेल तर हातात जेमतेम ०.८ सेकंद उरतात. कापण्याचा वेग ८ मीटर प्रति मिनिट धरला तर या व्यासाला सुमारे १२५ आरपीएम बसतात, पण पहिले काही दिवस ५०-६० च्या वर जाऊ नका. एमएसवर इतक्या कमी वेगाने तकाकी थोडी कमी येईल, ती चालेल. खाच संपल्यापासून चकच्या जबड्यापर्यंत किमान २० मिमी बार मोकळा ठेवा आणि दुसरं टोक टेल स्टॉकच्या (चकसमोरच्या आधाराच्या) फिरत्या सेंटरवर घ्या.

बार आधी १९.८५ ते १९.९० मिमीपर्यंत टर्न करा. नेहमीच्या ६जी बसणीत (बोल्टच्या आट्याला मापात दिलेली प्रमाणित सूट) बाहेरचा व्यास १९.९५८ ते १९.६२३ मिमी चालतो. पूर्ण २० वर पाडलेल्या आट्याचे शेंडे नटमध्ये अडकतात. टोकाला दीड-दोन मिमी चॅम्फर (तिरकी कड) द्या.

टूलचा कोन ६० अंश, वरचा रेक (टूलच्या वरच्या तोंडाचा उतार) शून्य. टोक सेंटरच्या उंचीला आहे का ते टेल स्टॉकच्या सेंटरशी लावून बघा. मग सेंटर गेज (६० अंशांच्या खाचेची पट्टी) बारला टेकवून टूल त्याच्या खाचेत बसवा आणि मागे पांढरा कागद धरून दोन्ही बाजूंनी सारखा उजेड दिसतो का ते पाहा. इथे टूल तिरकं बसलं तर आटे एका बाजूला झुकतात आणि नट नीट बसत नाही.

कंपाउंड स्लाइड (वरची, वळवता येणारी छोटी स्लाइड) २९.५ अंशांवर वळवा. हा कोन क्रॉस स्लाइडच्या (टूल बारकडे आडवं सरकवणाऱ्या खालच्या स्लाइडच्या) रेषेपासून मोजायचा आहे. काही मशीनवर स्लाइड बेडला समांतर असताना शून्य दिसतं. तिथे आकडा ६०.५ येईल. ही चूक फार होते आणि ती खोली भलतीच आल्यावरच कळते. स्लाइड अशी वळवल्यामुळे टूलची डावी धारच मुख्य काम करते, कीस एका बाजूने मोकळा निघतो आणि टूल अडकून बसत नाही.

आता गिअर बॉक्सवरची पट्टी वाचून २.५ लावा, ऑटो फीडचा लिव्हर न्यूट्रलला आहे याची खात्री करा, टूल बारपासून ५-६ मिमी मागे घ्या आणि मशीन हवेतच चालवा. या कोऱ्या फेऱ्या पाच-सहा वेळा तरी करा. डावा हात क्रॉस स्लाइडच्या हँडलवर, उजवा हात मोटर पुढे-मागे करणाऱ्या लिव्हरवर. टूल खाचेत आलं की डाव्या हाताने एक पूर्ण फेरा देऊन ते बाहेर काढायचं, मग उजव्याने लिव्हर मध्ये आणायचा. क्रम हाच. आधी मोटर बंद केली तर चक लगेच थांबत नाही, आणखी दोन-तीन फेरे घेतो, आणि तेवढ्यात टूल पाच-सात मिमी पुढे जाऊन खाचेच्या भिंतीत घुसतं. चक पूर्ण थांबल्यावर मोटर उलटी फिरवा, टूल बारच्या टोकाच्या पुढे किमान ५-६ मिमी परत येऊ द्या, थांबवा. एवढं मागे यायचं ते लीड स्क्रूची ढिलाई निघून जावी म्हणून. आट्याच्या तोंडाशीच वळलात तर टूल आधीच्या वाटेवर बसायच्या आत कापू लागतं.

बेडवरच्या स्टॉपरवर मात्र मुळीच विसंबू नका. तो हाफ नट सोडवत नाही. नट लागलेलं कॅरेज त्यावर आदळलं की शिअर पिन (जास्त जोर आला की आधी तुटणारी खिळी) तुटते, आणि पिन नसेल तर गिअरचे दात जातात.

हात बसला की पहिला कट फक्त ०.०५ मिमीचा, नुसता ओरखडा. मशीन थांबवून पिच गेज लावा, स्केलवर १० आटे मोजा. बरोबर २५ मिमी यायला हवेत. इथे चूक सापडली तर बार अजून वाचतो. त्यापुढे क्रॉस स्लाइड दर वेळी शून्यावर आणायची आणि कट कंपाउंडने द्यायचा : ०.२५, मग ०.२० दोनदा, ०.१५ तीनदा, पुढे ०.१०, शेवटी ०.०५. टूल जसं खोल जातं तशी कापणारी धार लांबत जाते, म्हणून कट कमी कमी करत न्यायचा. १९.९० च्या बारला कंपाउंडवर एकूण १.७० मिमीच्या आसपास जाईल. शेवटी कट न वाढवता त्याच आकड्यावर दोन फेऱ्या घ्या. दाबामुळे बार आणि टूल किंचित वाकलेले असतात, त्यांनी सोडलेला माल तेव्हा निघतो.

१.७० हा आकडा टूलच्या टोकाची गोलाई ०.३६ मिमी असेल तरच खरा. टोक सुईसारखं असेल तर त्याच बसणीसाठी जास्त खोल जावं लागतं, बोथट असेल तर कमी. १.५० पासूनच नट लावून बघायला लागा, अर्थात चक थांबवून.

प्रश्न : आमच्याकडे जुनं लेथ आहे, लीड स्क्रू इंचाला ४ आट्यांचा. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडताना दुसऱ्या कटला टूल आधीच्या वाटेत जात नाही, मधेच नवी रेघ पडते. लीड स्क्रू झिजला असेल का? (लघुउद्योजक, इचलकरंजी)

उत्तर : झिजलेल्या लीड स्क्रूने पिचमध्ये फरक येतो, दुसरी रेघ पडत नाही. तुम्ही कट संपल्यावर हाफ नट उघडून कॅरेज हाताने मागे आणत असणार. इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचा आटा पाडताना हाफ नट एकदा टाकला की काम पूर्ण होईपर्यंत उघडायचा नाही. टूल बाहेर, मोटर उलटी, कॅरेज परत. थ्रेड डायल (हाफ नट कधी टाकायचा ते दाखवणारी तबकडी) असली तरी तिचा इथे उपयोग नाही, कारण तिच्या खुणा इंचाच्या हिशेबाने असतात.

हाफ नट कधी उघडता येतो, हे सोप्या भागाकारात कळतं. लीड स्क्रूचा पिच पाडायच्या पिचने नि:शेष भागला गेला तर नट कुठेही टाका. ६ मिमीच्या लीड स्क्रूवर १, १.५, २ आणि ३ हे पिच असे बिनधास्त आहेत. २.५ ला भाग जात नाही. तिथे ६ आणि २.५ दोन्हींत बसणारं अंतर ३० मिमी, म्हणजे लीड स्क्रूचे ५ आटे. तेवढ्याच अंतरांवर नट टाकला तर टूल वाटेवर येतं. १.७५ साठी तेच अंतर ४२ मिमी होतं. इंची आटा इंची लीड स्क्रूवर पाडत असाल आणि डायलचं चाक १६ दातांचं, आठ खुणांचं असेल, तर आटे सम संख्येचे असताना कुठलीही खूण चालते, विषम असताना फक्त आकड्यांच्या चार खुणा.

गिअरचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी तपासून घ्या. तुमच्या लीड स्क्रूवर २.५ मिमीसाठी चालवणारा ५० दातांचा आणि चालणारा १२७ दातांचा हवा. २ मिमीला ४० आणि १२७, १.५ ला ३० आणि १२७. इंच म्हणजे २५.४ मिमी, त्यातून हा १२७ येतो, आणि मधला आयडलर कितीही दातांचा असला तरी हिशेब बदलत नाही. १२७ चा गिअर नसेल तर ६३ चा वापरून काम भागतं : २.५ मिमीसाठी ६३ चालवणारा आणि ८० चालणारा, त्यापुढे ३० चालवणारा आणि ६० चालणारा. १ मीटर लांबीत सुमारे ०.१३ मिमीचा फरक पडेल. नट-बोल्टला तो जाणवतही नाही, लांब फीड स्क्रूला मात्र हा मार्ग नको.

गिअर बदलताना नुसतं स्टॉप बटण पुरत नाही, मेन स्विच पाडा. दोन गिअरच्या मध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घालून ते टेकवा, आवळा, मग पट्टी हाताने फिरवून काढा. बरोबर हवी तेवढी फट राहते. आणि झाकण लावल्याशिवाय मोटर चालू करू नका, एका कटपुरतीसुद्धा नाही.

प्रश्न : आट्याचा कीस ब्लेडसारखा असतो. मुलांची बोटं कापतात म्हणून मी त्यांना हातमोजे दिले. एका ज्येष्ठ कारागिराने ते काढायला लावले. योग्य कोण? (वर्कशॉप मालक, भोसरी)

उत्तर : ते कारागीर. फिरत्या लेथवर हातमोजा नको, कापडी नको, चामड्याचाही नको. उघडं बोट आट्याला लागलं तर कापतं. हातमोज्याचा धागा आट्यात अडकला तर तो बोट सोडत नाही, मनगटासकट ओढून नेतो. आट्याची धार करवतीसारखी असते आणि ती कापड गुंडाळतच जाते, म्हणून गुळगुळीत बारपेक्षा इथे धोका पुष्कळ जास्त. याच कारणाने फिरत्या आट्यावर वेस्टचा (पुसायच्या सुताचा) बोळा धरायचा नाही, एमरी कागद बोटाला गुंडाळायचा नाही, तेल ब्रशने वरून चोपडायचं नाही. तेल कॅनमधून लांबून थेंब थेंब सोडा.

बोटं कापू नयेत यासाठी मुलांना लांब दांड्याची आकडी आणि एक कडक ब्रश द्या. चक थांबला की आकडीने कीस ओढायचा, ब्रशने आटे साफ करायचे, मग नट लावायचा. माल काढताना, टोचरे आटे हाताळताना हातमोजे घालायला हरकत नाही, पण तेव्हा मोटर बंद आणि हात मशीनपासून दूर.

बाह्या कोपराच्या वर घट्ट दुमडलेल्या, शर्ट आत खोचलेला, घड्याळ-अंगठी-कडं खिशात. मुली काम करत असतील तर ओढणी काढून ठेवायची, वेणी बांधून टोपीखाली घ्यायची आणि मंगळसूत्र आत. राखीपौर्णिमेनंतर आणि नवरात्रात मुलांच्या मनगटांवर दोरे असतात. ते कापून टाका म्हणायला जड जातं, पण एवढं तरी करा की ज्याच्या हातात दोरा आहे त्याला त्या दिवसांत लेथवर उभं करू नका. चष्मा सगळ्यांना, बघत उभ्या असणाऱ्यालाही. आणि चकची चावी हातातून सुटली की ती थेट रॅकवर गेली पाहिजे. चकमध्ये राहिलेली चावी मोटर चालू होताच दगडासारखी उडते.

प्रश्न : आटे खरबरीत येतात, एका बाजूला माल फाटल्यासारखा दिसतो. वेग कमीच आहे, तेलही सोडतो. (वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : कुठल्या बाजूला फाटतं ते आधी बघा. उजव्या आट्यात (नेहमीचा, घड्याळाच्या दिशेने आवळणारा) टूलची डावी बाजू पुढे असते. तिथे फाटत असेल तर त्या बाजूचा क्लिअरन्स (धारेखालची मोकळीक) कमी आहे. एम २० च्या आट्याची वाट स्वतःच सुमारे २.५ अंश तिरकी असते, म्हणून डाव्या बाजूला त्याहून तीनेक अंश जास्त क्लिअरन्स हवा. नाहीतर धार कापण्याआधी टूलचं अंगच घासतं. दोन्ही बाजू सारख्या फाटत असतील तर कट सरळ क्रॉस स्लाइडने देत आहात का ते पाहा. दोन्ही धारांचे कीस एकमेकांवर आदळतात आणि मधे अडकतात. कंपाउंडने द्या. टूल सेंटरच्या खाली असेल, टूल पोस्टमधून फार लांब निघालं असेल किंवा कंपाउंडची गिब (स्लाइड घट्ट धरणारी पट्टी) ढिली असेल तरी आट्यावर लाटा उमटतात. ऑइल स्टोनवर धार दोन-चार वेळा हलक्या हाताने ओढून घेतली तर निम्मा त्रास जातो, आणि नेमकं हेच राहून जातं.

प्रश्न : माझं छोटं लेथ आहे. सर्वांत कमी वेगही १५० आरपीएम. मला खांद्यापर्यंत आटे हवे आहेत, खाच देता येत नाही. टूल चकपासून दूर नेत आटे पाडता येतील का? (हौशी वाचक, नाशिक)

उत्तर : येतील. टूल उलटं, धार खाली करून बसवा, खांद्याशी आणा, मोटर उलटी फिरवा. गिअर तेच ठेवले तर कॅरेज टेल स्टॉककडे जाईल आणि आटा उजवाच पडेल. टूल आत जाण्यासाठी खांद्याशी टूलच्या टोकापुरती तरी जागा लागतेच, तेवढी काढून घ्या.

त्याआधी चक स्पिंडलवर कसा बसला आहे ते बघा. तो आट्यांनी चढवलेला असेल तर हा प्रकार करू नका. उलट्या फिरण्यात कटचा जोर आला की चक सुटतो आणि बेडवर पडतो. बोल्टने किंवा कॅम लॉकने बसलेल्या चकला ही भीती नाही.

आट्यांचा चक असेल तर हाताने फिरवायचं हँडल करून घ्या. स्पिंडलच्या मागच्या भोकात घट्ट बसणारा दांडा आणि त्याला क्रँक, एवढंच. मोटरचा प्लग काढून ठेवायचा आणि स्पिंडल हाताने फिरवायचा. खांद्याशी आलात की चतुर्थांश फेऱ्यावरही थांबता येतं. २०-२५ मिमी आट्याला वेळ लागतो, पण छोट्या लेथवर खांद्यालगतच्या कामाला आम्ही हीच पद्धत सुचवू. एकच नियम : हँडल काढून टेबलावर ठेवल्याशिवाय प्लग परत लावायचा नाही.

प्रश्न : शेतातल्या पाइपलाइनसाठी १ इंची निपल लेथवर केलं. २५.४ मिमी बार घेतला, तरी सॉकेटमध्ये ते खुळखुळतं. (शेतकरी, तासगाव)

उत्तर : पाइपचं १ इंच हे नावापुरतं असतं, आट्याचा बाहेरचा व्यास नव्हे. १ इंची बीएसपीचा (पाइपच्या आट्याचं ब्रिटिश मानक) बाहेरचा व्यास ३३.२४९ मिमी आहे, इंचाला ११ आटे, खोली सुमारे १.४८ मिमी. अर्धा इंचीला २०.९५५ आणि पाऊण इंचीला २६.४४१ मिमी, दोन्हींना इंचाला १४ आटे. टूल ५५ अंशांचं लागतं. ६० चं टूल वापरलं तर आटे कडेनेच टेकतात आणि पाणी वाटेतून झिरपतं.

शिवाय जीआय पाइपचे बाहेरचे आटे १६ ला १ असे निमुळते असतात, ते आवळत जाऊन पाणी अडवतात. निमुळता आटा टेपर अटॅचमेंटशिवाय किंवा टेल स्टॉक सरकवल्याशिवाय होत नाही. कंपाउंड तिरपी करून जमणार नाही, कारण लीड स्क्रू कॅरेजला ओढतो, कंपाउंडला नाही. घरच्या लेथवर सरळ आटे पाडा आणि पाणी कॉलरखालच्या वॉशरवर अडवा. वॉशरला जागा नसेल तर पाइपची डाय वापरा, ती निमुळताच आटा पाडते.

प्रश्न : गेज नाही. नट बसला म्हणजे आटा बरोबर, असं मानावं का? (प्रशिक्षणार्थी, सांगली)

उत्तर : एका नटवर नको. बाजारातला नट स्वतःच ढिला असू शकतो. मापाची खात्री तीन तारांनी होते. एम २० × २.५ ला १.४४३ मिमी व्यासाच्या तीन तारा घ्या, एका बाजूला दोन, समोर एक, आणि वरून मायक्रोमीटर. ६जी बसणीसाठी माप २०.३३ ते २०.४९ मिमीच्या आत यावं. तारा हातातून निसटतात. त्या मायक्रोमीटरच्या दोन्ही तोंडांवर ग्रीसच्या ठिपक्याने चिकटवून ठेवा. जॉब चकमधून काढायच्या आधी मोजा, कारण काढलेला आटा पुन्हा त्याच वाटेवर लावणं हे नवशिक्याचं काम नाही. मोजताना मेन स्विच पाडलेला असू द्या, लिव्हरला कोपर लागून मोटर चालू होऊ शकते.